आईचा उजवा गुडघा आणि 'सी' अक्षराची सीट

आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले आणि डॉक्टरांनी प्रवासाला हिरवा कंदील दाखवला. त्याच संध्याकाळी दिल्लीहून ताईचा फोन. "आता कारणं नकोत, आईला घेऊन ये." आईचं म्हणणं, रेल्वेने जाऊ. दुरंतो, खालचा बर्थ, पाय पसरून निवांत. तिच्या बोलण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं, पण वीसेक तास, हलत्या डब्यातलं स्वच्छतागृह आणि नवा गुडघा हे काही डॉक्टरांना पटेना. "विमानाने न्या. तासाभराने उठवून चार पावलं चालवा, बसल्या बसल्या घोटे फिरवत राहू दे." चार तासांहून जास्त एका जागी बसून प्रवास केला की पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. पुणे-दिल्ली दोन-सव्वादोन तासांचं, त्यामुळे त्यांना फारशी काळजी नव्हती. मला होती, ती सीटची.

कारण मी सहा फूट दोन इंच. स्वस्तातल्या विमानात माझे गुडघे समोरच्या प्रवाशाच्या पाठीला लागतात आणि ते त्यालाही कळतं. कंपनीच्या कामासाठी बंगळूर, चेन्नई करताना कुठल्या ओळीत काय मिळतं याची मला बऱ्यापैकी माहिती झाली आहे. पण ती माहिती लांब पायांच्या धडधाकट माणसाची. आई पाच फूट एक इंच. तिला जागा कमी पडत नाही. तिचा गुडघा फार वेळ एकाच कोनात राहिला की आखडतो आणि मग उठताना जीव जातो. दोन्हीला आपण 'लेगरूम' असंच म्हणतो, पण तिची गरज वेगळी आणि माझी वेगळी. सीट निवडायला बसलो तेव्हा हे नीट लक्षात यायला लागलं.

तिकीट काढताना अॅपवर सीटचा नकाशा येतो. एकीकडे ए-बी-सी, मध्ये वाट, पलीकडे डी-ई-एफ. खिडकी ए आणि एफ, वाटेलगतच्या सी आणि डी, मधल्या बी आणि ई. रंगावरून भाव कळतो. मागच्या मधल्या जागा फुकट किंवा दोन-अडीचशेत, पुढे सरकलं की चारशे, सहाशे, आणि पहिली ओळ व आपत्कालीन दाराशेजारच्या ओळी थेट दीड-दोन हजारांच्या घरात. आपण तिकीट साडेपाच हजारांचं म्हणून खुशीत असतो आणि इथे बसायच्या जागेचे वेगळे पैसे. दहा-बारा वर्षांपूर्वी सरकारने विमान कंपन्यांना सीट, जेवण, सामान यांचे दर तिकिटापासून सुटे करायला परवानगी दिली, तेव्हापासून हे सुरू झालं. २०१८ च्या नोव्हेंबरात एका मोठ्या कंपनीने वेब चेक-इन करताना सगळ्याच सीटला पैसे लावले, तेव्हा चांगलाच गदारोळ झाला होता. मंत्रालयानेही 'तपासून पाहू' म्हटलं. पुढे आपण सगळे सरावलो.

त्याआधी, २००३ साली एअर डेक्कन सुरू झाली तेव्हा तर सीट नंबरच नव्हते. जो आधी चढेल त्याची खिडकी. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात ज्यांची हयात गेली त्यांना ते विमान परकं वाटलं नसणार. फरक एवढाच की विमानाच्या खिडकीतून रुमाल आत जात नाही.

अॅपची रचनाही बघण्यासारखी. सीट घ्यायचं बटण ठळक, रंगीत, बोटाखाली येईल असं. 'सीट न निवडता पुढे' हे वरच्या कोपऱ्यात, फिकट, बारीक अक्षरांत. ते दाबलं की पुन्हा विचारतात, एकत्र बसायचं नाही का? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये असल्या १३ क्लृप्त्यांची यादी करून त्यांना मनाई केली आहे. त्यात 'ग्राहकाला लाजवून हो म्हणायला लावणे' हा एक प्रकार आहे, आणि त्याचं उदाहरण म्हणून विमानाचंच तिकीट घेतलं आहे: विमा नको असेल तर 'मी असुरक्षित राहीन' यावर टिचकी मारायला लावणं. मला जो पडदा दिसला तो या यादीत बसतो की नाही हे वकिलांनी ठरवावं. आई शेजारी बसून बघत होती. ती म्हणाली, "एवढं विचारतायत तर फुकटच देतायत असं वाटतं."

मी पैसे भरायला तयार होतो. पण कशाचे, ते आधी ठरवायचं होतं. म्हणून टेप काढली.

विमानातल्या सीटच्या जागेचं माप 'पिच' मध्ये सांगतात. एका सीटवरचा एखादा बिंदू धरायचा आणि पुढच्या सीटवरच्या त्याच बिंदूपर्यंतचं अंतर मोजायचं. आपल्याकडच्या स्वस्त विमानांत ते साधारण २८ ते ३० इंच, म्हणजे ७१ ते ७६ सेंटिमीटर असतं. यात गोम अशी की समोरच्या सीटच्या पाठीची जाडीही त्या मापातच धरलेली असते. ती वजा केल्यावर उरते ती आपली. म्हणून नव्या विमानांतल्या सीटची पाठ एवढी पातळ असते, आणि मासिकं-सूचनापत्रकांचा खिसा गुडघ्यासमोरून उचलून ट्रेच्या वर नेलेला असतो. पिच तेवढंच ठेवून गुडघ्यांना एखादा इंच मिळवून द्यायची ही युक्ती मला मनापासून आवडते. पातळ गादीमुळे तासाभराने बूड दुखायला लागतं हा त्याचाच दुसरा भाग.

आपलं माप घरी घेता येतं. भिंतीला लावून स्टूल ठेवायचं, पाठ आणि कंबर भिंतीला घट्ट टेकवून बसायचं, आणि भिंतीपासून गुडघ्याच्या वाटीच्या पुढच्या टोकापर्यंत मोजायचं. माझं भरलं २६ इंच. २८ चं पिच, त्यातून सीटच्या पाठीचे दोन-तीन इंच गेले की माझा गुडघा टेकलाच म्हणून समजा. उंचीपेक्षा हे माप महत्त्वाचं. माझ्याएवढाच उंच मित्र आहे, त्याची उंची सगळी धडात, तो कुठेही मजेत बसतो.

आईला बसवलं तर म्हणाली, "मापं कसली घेतोस? ब्लाऊज शिवणारेस का?" तिचं आलं साडेएकवीस. म्हणजे सगळ्यात अरुंद ओळीतही तिच्या गुडघ्यासमोर चार बोटं जागा राहणार. मग तिला नेमकं काय हवं? मी तिलाच विचारलं, आणि तिने स्टुलावर बसूनच करून दाखवलं. थोड्या थोड्या वेळाने पाय पुढे सरकवून लांब करता आला पाहिजे. उठताना दोन्ही हातांनी जोर द्यायला काहीतरी हवं. आणि उठल्यावर कुणाच्या मांडीवरून ओलांडून जावं लागता कामा नये. या तिन्हींतलं एकही नकाशावरच्या रंगांत दिसत नाही.

सगळ्यात मोकळी जागा आपत्कालीन दाराशेजारी, हे सगळ्यांना ठाऊक असतं. एअरबस ए३२० मध्ये पंखांवर दोन्ही बाजूंना दोन-दोन दारं असतात, आणि आपल्याकडच्या १८० किंवा १८६ आसनांच्या मांडणीत ती साधारण १२ आणि १३ नंबरच्या ओळींना येतात. यातली १२ वी ओळ मागे कलत नाही, कारण कलली तर मागच्या दाराची वाट अडेल. जागा मोकळी आणि पाठही कलणारी, असं दोन्ही १३ व्या ओळीत मिळतं. ही ओळ पहिली विकली जाते, आणि ती घेणाऱ्यांत मीही असतो.

आईसाठी मात्र ती बंद. लहान मुलं, गरोदर बायका, वयस्कर माणसं, प्लास्टर घातलेले, व्हीलचेअर मागवलेले, यांतल्या कुणालाही तिथे बसू देत नाहीत. कॉल सेंटरवरच्या मुलाने मला ते पाठ केल्यासारखं म्हणून दाखवलं. ऐकताना पहिल्यांदा राग येतो, की ज्यांचे पाय दुखतात त्यांनाच मोकळी जागा नाही! पण ती मोकळी जागा मुळात आपल्या पायांसाठी ठेवलेलीच नसते. ऑगस्ट १९८५ मध्ये ब्रिटनमधल्या मँचेस्टर विमानतळावर उड्डाणाच्या वेळी एका विमानाने पेट घेतला आणि ५५ माणसं गेली. विमान जमिनीवरच थांबलं होतं, तरीही. पंखावरचं दार तिथे बसलेल्या प्रवाशांना चटकन उघडता आलं नाही, आणि उघडलं तेव्हा ते आत अंगावरच पडलं. त्यानंतर ब्रिटनने या दारांपाशी वाट मोकळी ठेवायचे नियम कडक केले, आणि १९८९ मध्ये साध्या सीटसाठीही किमान अंतर ठरवून दिलं: पाठ टेकायच्या गादीपासून समोरच्या सीटच्या पाठीपर्यंत २६ इंच. मी भिंतीला टेकून घेतलं तेच माप, आणि आकडाही माझाच निघाला. मी ताईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, ब्रिटिशांनी तुझ्यासाठी कायदा केला, आता तरी गप बस.

त्या दाराचं झाकण सुमारे १५ किलोचं असतं. वेळ आलीच तर ते उचलून बाहेर टाकायचं काम तिथे बसणाऱ्याचं. म्हणून तर एअर होस्टेस येऊन पत्रक दाखवते, आणि 'मदत कराल ना?' याचं उत्तर तोंडाने घेते, नुसती मान डोलावलेली चालत नाही. पायाशी पर्सही ठेवू देत नाहीत. तेव्हा कंपनी तिथे जे दीड-दोन हजार घेते ते सुरक्षेसाठी सक्तीने मोकळ्या सोडलेल्या जागेचं भाडं आहे, असं माझं मत. धंद्याची हुशारी म्हणून ठीक. पण ती जागा कंपनीने आपल्याला 'दिली' वगैरे म्हणू नये.

राहिली पहिली ओळ. तिथे वयाची अट नाही, समोर कुणी कलणार नाही, दाराजवळ असल्याने व्हीलचेअरहून दोन पावलांत सीट. आईसाठी '१ सी' घेतली आणि मला शेजारची '१ बी'. सीच का, तर आईचा उजवा पाय. सीटवर बसल्यावर सी ची वाट उजव्या हाताला येते, डी ची डाव्या. ज्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तो वाटेच्या बाजूला असला की खाण्याची ट्रॉली येत-जात नसेल तेव्हा तो पाय बाहेर काढून लांब करता येतो. डावा गुडघा असता तर डी घेतली असती. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. फिजिओथेरपिस्टने घरी सोफ्याचा कुठला कोपरा वापरायचा ते सांगितलं होतं, त्यावरून सुचलं. दोन्ही सीटचे मिळून जे पैसे झाले ते मी आईला सांगितले नाहीत. तिने तो आकडा ताईकडून काढून घेतला, तो भाग वेगळा.

व्हीलचेअरसाठी तिकीट काढतानाच नोंद केली आणि दोन दिवस आधी फोन करून ती पोचल्याची खात्री केली. लोहगावचं नवं टर्मिनल २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून तिथलं चालणं वाढलं आहे, त्यामुळे खुर्ची नसती तर आई सुरक्षा तपासणीपर्यंतच दमली असती. तपासणीत गुडघा वाजला. डॉक्टरांचं पत्र आईने पर्समध्ये वर ठेवलं होतं, पण सीआयएसएफच्या महिला जवानाने त्याकडे फारसं पाहिलं नाही. तिने पडद्याआड नेऊन हातातल्या यंत्राने नीट तपासलं, आणि "दूसरा घुटना कब?" असं विचारून आईला हसवलं.

पहिल्या ओळीत बसलो आणि काही गोष्टी कळल्या.

समोर भिंत. डोळ्यांपुढे मोकळं वाटतं, माझे गुडघेही टेकत नव्हते. पण समोर सीट नाही म्हणजे सीटखालची पोकळीही नाही. साध्या ओळीत पाऊल समोरच्या सीटखाली सरकवून पाय लांब करता येतो; इथे पाऊल भिंतीला लागतं. आईचा पाय पूर्ण सरळ होईना. वाटेत काढावा तर पहिली ओळ म्हणजे यांच्या स्वयंपाकघराचा उंबरठा. ट्रॉली, स्वच्छतागृहाकडे जाणारे लोक, एअर होस्टेसची सतत ये-जा. आईने तीनदा पाय बाहेर काढला आणि तीनदा 'सॉरी, मॅम' ऐकून आत घेतला.

समोर सीट नसल्याने ट्रे हाताच्या दांड्यात घडी करून ठेवलेला. त्यामुळे तो दांडा जाडजूड आणि पक्का, वर उचलला जात नाही. आईला उठताना आधाराला तो बरा पडला हे खरं, पण बाजूला वळून पाय आधी वाटेत आणि मग उठायचं, अशी जी तिची घरची पद्धत, ती जमेना. शिवाय सीटही त्या दांड्यांमुळे बोटभर अरुंद वाटत होती. आणि पर्स! उड्डाणाच्या आधी ती वरच्या कप्प्यात गेली. आईच्या गोळ्या, पाण्याची बाटली, चष्मा, आल्याच्या वड्या सगळं त्यात. पट्ट्याची खूण विझेपर्यंत आई त्या कप्प्याकडे बघत होती. खूण विझल्यावर मी पर्स काढून दिली, आणि उतरायच्या आधी पुन्हा वर ठेवली. "दोन हजार देऊन पर्स जवळ ठेवता येत नाही," हे वाक्य पुढे दिल्लीत येईल-जाईल त्या प्रत्येकाला ऐकवण्यात आलं.

चढणं-उतरणं मात्र सुखाचं झालं. सगळ्यात आधी चढलो. उतरताना व्हीलचेअरवाल्यांना शेवटी काढतात, पण पहिल्या ओळीत असल्याने गर्दी अंगावरून गेली नाही, बाजूने गेली.

दिल्लीतले दिवस ताईचे. तिथे मी सीटचा विषय काढला नाही.

परतीचं तिकीट दुसऱ्या कंपनीचं होतं. आईसाठी सहाव्या ओळीतली सी, साधी, चारशेच्या आतली. माझ्यासाठी ऐपत दाखवून दाराशेजारची. आता दोघंही आपापल्या जागी सुखी, असा बेत. प्रवासाच्या दोन दिवस आधी मेसेज आला, 'विमानाच्या प्रकारात बदल झाल्याने आपल्या सीट बदलल्या आहेत.' ए३२० ऐवजी त्याचं लांबडं भावंड ए३२१ येणार होतं, २३२ आसनांचं. त्यात दारांच्या जागा वेगळ्या, ओळींचे क्रमांक वेगळे. संगणकाने आईला बसवलं '२२ ई' मध्ये, मागे, मधोमध. मी आणखी मागे, तोही मधला. दोघांमध्ये सहा ओळी.

कॉल सेंटरला फोन केला. तिकडची मुलगी सौम्य होती आणि ठाम. व्हीलचेअरची नोंद दिसते आहे सर, पण आइल सीट चार्जेबल आहे. मी म्हटलं, पैसे भरलेलेच आहेत. ते आधीच्या सीटचे होते सर. मग ते परत कधी येतील? सात ते दहा कामकाजाच्या दिवसांत. तोवर मी नवीन पैसे भरून सीट घेऊ? हो सर. हे संभाषण असंच गोल फिरत राहिलं असतं, पण माझ्या अनुभवात फोनवरच्या माणसाच्या हातात फार कमी असतं आणि विमानतळावरच्या काउंटरवर बरंच काही. काही जागा काउंटरसाठी अडवून ठेवलेल्या असतात. त्यामुळे वाद आवरता घेतला, फक्त तक्रारीचा क्रमांक मागून लिहून घेतला, मेसेज आणि जुन्या बोर्डिंग पासची छायाचित्रं काढून ठेवली, आणि ठरल्या वेळेच्या बरंच आधी विमानतळ गाठला.

काउंटरवरच्या बाईंना मी फार काही सांगितलंच नाही. आईला पुढे केलं. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, "कौन सा घुटना?" विचारलं. मी उजवा म्हटल्यावर त्यांनीच "तो सी दूँ?" म्हटलं. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. '६ सी' आणि '६ बी', विनाशुल्क. दाराजवळच्या जागा संपल्या होत्या, तेव्हा माझा गुडघा देवाच्या हवाली.

आत आईला सीटवर बसवताना एअर होस्टेसने एक गोष्ट केली जी मी इतकी वर्षं विमानातून फिरून पाहिली नव्हती. वाटेकडचा हाताचा दांडा वर जात नाही असा माझा समज होता. तिने दांड्याखाली, मागच्या बिजागरीपाशी बोट घालून एक लपलेली कळ दाबली आणि दांडा सरळ वर उचलला. आई बाजूने टेकली, मग दोन्ही पाय आत घेतले, मग दांडा खाली. सगळ्या ओळींत ही कळ नसते, पण असते तिथे वापरायला हवी. व्हीलचेअरवाल्या प्रवाशाने नुसतं 'आर्मरेस्ट उठेगा क्या?' विचारलं तरी काम होतं. पर्स समोरच्या सीटखाली माझ्या पायाशी राहिली. आईच्या समोरच्या सीटखालची जागा रिकामी ठेवली, तिच्या पावलासाठी.

मागून चढलेले एक गृहस्थ आमच्या ओळीपाशी थांबले. पुण्याचेच. पलीकडे डी आणि ई वर त्यांची बायको आणि पाच-सहा वर्षांचा मुलगा. "काकू, जरा अॅडजस्ट करता का? मला यांच्याजवळ बसायचं होतं."

"तुमची सीट कुठली?" आईने विचारलं.

"एकवीस ई."

"वाटेची आहे का?"

"मधली आहे, पण दोनच तासांचा तर प्रश्न आहे."

"मग दोन तास तुम्ही बसा ना. लेकरू आईजवळ आहे, तुमचं काय अडलंय?"

गृहस्थ गेले. खरं तर १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला एकाच पीएनआरवरच्या आई किंवा वडिलांशेजारी बसवायचं, असं हवाई वाहतूक महासंचालनालयाने २०२४ च्या एप्रिलमध्ये कंपन्यांना बजावलं आहे, आणि इथे ते पाळलेलंही होतं. आईला हा नियम माहीत नव्हता. तिने शाळेत तीस-एक वर्षं बाक वाटले आहेत, तेवढं पुरलं.

हा प्रवास तिचा झकास झाला. पाऊल समोरच्या सीटखाली, पाय जवळजवळ सरळ. कंटाळा आला की उजवा पाय वाटेत. सहावी ओळ स्वयंपाकघरापासून लांब, त्यामुळे ट्रॉली येऊन गेली की वाट मोकळी. मध्ये एकदा उठून मागच्या स्वच्छतागृहापर्यंत चालत जाऊन आली आणि येताना एकवीस ई मधल्या गृहस्थांची विचारपूसही करून आली.

मी मात्र बी मध्ये, दोन्हीकडून दांडे, समोर २६ इंचांचा हिशेब. उड्डाण झाल्या झाल्या पुढच्याने सीट मागे कलवली. स्वस्त विमानांत हल्ली फार कलतच नाही, पण जेवढी कलते तेवढी माझ्या वाटीवर येते. तो दोनदा मागे वळून बघून म्हणाला, "भाईसाब, आपका घुटना लग रहा है." मी म्हटलं, "मुझे भी." त्यावर आमचं बोलणं संपलं. त्याने सीट सरळ केली नाही, मी गुडघा काढू शकत नव्हतो. त्याचा दोष म्हणावा तर त्याने कलणाऱ्या सीटचेच पैसे भरलेले. तीच दोन बोटं जागा कंपनीने आम्हा दोघांना विकली होती.

अमेरिकेत २०१८ च्या कायद्याने तिथल्या हवाई प्रशासनाला सीटची किमान मापं ठरवायला सांगितलं. मापं ठरवताना प्रश्न आरामाचा नव्हता. निम्मी दारं बंद असताना सगळे ९० सेकंदांत बाहेर पडतात का, हा होता. त्यासाठी ओक्लाहोमा सिटीत शेकडो स्वयंसेवक घेऊन बाहेर पडण्याच्या चाचण्या झाल्या. त्यांत साठीच्या आतले, धडधाकट लोक होते. आईसारखं कुणी नव्हतं. तिला सीटवरून नुसतं उभं राहायला किती वेळ लागतो ते मी घरी घड्याळ लावून पाहिलेलं आहे, त्यामुळे त्या ९० सेकंदांवर माझा फारसा विश्वास नाही.

पुण्यात उतरल्यावर राहिलं ते पैशांचं. आईच्या सीटबद्दल तक्रार नव्हती, तिला जे घेतलं होतं तेच मिळालं. माझ्या दाराशेजारच्या सीटचे पैसे मात्र यायला हवे होते. अॅपवर अर्ज केला तर उत्तर आलं, 'आपल्याला समतुल्य सीट देण्यात आली आहे.' मधली सीट दाराशेजारच्या सीटच्या समतुल्य! मी जुना बोर्डिंग पास, नवा बोर्डिंग पास, बदलाचा मेसेज आणि कॉल सेंटरचा तक्रार क्रमांक जोडून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केली. उत्तर नाही. मग सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तीच कागदपत्रं चढवली. चार दिवसांनी कंपनीकडून फोन आला आणि फोन करणाऱ्याने पहिलंच वाक्य 'आपण एअरसेवावर गेलात' असं थोडं दुखावल्या सुरात म्हटलं. पैसे देतो म्हणाले, पण त्यांच्या वॉलेटमध्ये, पुढच्या प्रवासासाठी. मी कार्डावरच हवेत म्हटलं. त्यांनी होकार दिला आणि सीटची रक्कम खात्यात जमा झाली, तिच्यावर तिकीट काढताना लागलेलं 'सुविधा शुल्क' वजा करून. ते का कापलं हे विचारणारी मेल पाठवली आहे. ताई म्हणते त्यासाठी १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, फोन कर. बघू, आधी मेलचं उत्तर येऊ दे.